विश्लेषण : दिवाळी, बस्ता, आहेर… घरातील कपड्यांचा खर्च नेमका किती? जुन्या कपड्यांनी तो कमी होईल का?

दोन क्विंटल कापूस. ग्रामीण भागातील पाच माणसांच्या सरासरी घराचा वर्षभराचा कपडे, अंथरूण-पांघरूण आणि चपला-बुटांचा खर्च कापसाच्या हमीभावात मोजला, तर जवळपास एवढा भरतो. गंगापूरसारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात हा हिशेब कोणालाही चटकन समजतो, पण तो घरात कोठेही लिहिलेला नसतो. किराणा, दूध, वीजबिल, शाळेची फी यांचा आकडा बहुतेकांना तोंडपाठ असतो. कपड्यांचा मात्र विचारला, तर ‘दिवाळीला घेतले तेवढेच’ असे उत्तर येते. हा खर्च नजरेतून का सुटतो, तो कसा नोंदवायचा आणि वापरलेले कपडे घेऊन तो खरेच कमी होतो का, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का?

दोन कारणे आहेत. पहिले कराचे. जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीतील निर्णयानुसार २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील कर बदलला. पूर्वी नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. आता २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे थेट १८ टक्के कर आहे. म्हणजे २४०० रुपयांचा ड्रेस करासह २६८८ रुपयांना पडत होता, तो २५२० रुपयांवर आला. याउलट २६०० रुपयांचा ड्रेस २९१२ वरून ३०६८ रुपयांवर गेला. १००० ते २५०० रुपयांपर्यंतचे कपडे स्वस्त झाले; लग्नसमारंभातील ब्लेझर, शेरवानी, लेहंगा महागला. साडी मात्र तयार कपड्यात नव्हे, तर कापडात मोडते. त्यामुळे तिच्यावर ५ टक्केच कर आहे.

दुसरे कारण उत्पन्नाचे. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील खरीप पिकांचे मोठे नुकसान केले. राज्य सरकारला ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर करावे लागले. त्याच हंगामात केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळासाठी माफ केले होते. हातात येणारा पैसा अनिश्चित असताना कोणता खर्च पुढे ढकलता येतो, हे पाहावेच लागते. कपडे हा तसा खर्च आहे. मात्र तो कोठे होतो, हे आधी माहीत असायला हवे.

सरासरी घराचा खर्च किती?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च ४१२२ रुपये होता. त्यात कपडे, अंथरूण-पांघरूण आणि पादत्राणे यांचा वाटा सुमारे ६.६ टक्के, म्हणजे माणशी महिन्याला साधारण २७३ रुपये. वर्षाचे झाले ३२८० आणि पाच जणांच्या घराचे सुमारे १६,४०० रुपये.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. १६,४०० रुपये म्हणजे दोन क्विंटलहून किंचित जास्त कापूस. खुल्या बाजारात भाव कमी मिळाला, तर तेवढेच कपडे घेण्यासाठी कापूस आणखी लागतो. एक हजाराचा एक ड्रेस म्हणजे हमीभावाने सव्वाबारा किलो कापूस. वेचणीची मजुरी, खत-फवारणी त्यातून वजा केलेली नाही.

ही देशाची सरासरी आहे. ज्या घरात त्या वर्षी लग्न असते, तेथे हा आकडा काही पटींनी वाढतो.

मग हा खर्च लक्षात का येत नाही?

कारण तो महिन्याला होत नाही, निमित्ताने होतो. सरकारी सर्वेक्षणातही भाजीपाल्यासारख्या वस्तूंचा खर्च मागील सात दिवसांचा विचारतात. कपडे आणि पादत्राणांचा मात्र मागील ३६५ दिवसांचा. एखाद्या महिन्यात तो शून्य असतो आणि एखाद्या महिन्यात दहा हजारांवर जातो. त्यामुळे महिन्याचे अंदाजपत्रक लिहिणाऱ्यांच्या हातूनही तो निसटतो.

गंगापूर तालुक्यात या निमित्तांना उत्पन्नाच्या दोन वेगळ्या लयी आहेत. शेतकरी घरात पैसा कापूस विकल्यावर किंवा उसाचे बिल आल्यावर येतो. तोवर ‘कापूस विकला की देऊ’ या बोलीवर कापड दुकानात उधारी चालते. वाळूज, रांजणगाव शेणपुंजी भागातील कामगार घरात पगार दरमहा येतो. तेथे खर्च मोबाइलवरून, हप्त्याने किंवा ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’ या सोयीने होतो. एकीकडे रक्कम मोठी आणि एकदम, दुसरीकडे ३९९, ४९९ अशी छोटी आणि वारंवार. दोन्ही प्रकारांत वर्षाची बेरीज कोणी करत नाही.

शिवाय कपड्यांवरचा सगळा खर्च स्वतःच्या अंगावर येत नाही. टॉवेल-टोपी, शर्ट-पँटचे पीस, साडी-चोळी हा आहेर, भाचीचे बाळंतपण, बहिणीची ओटी हे सारे ‘देण्याघेण्यात’ जमा होते. घरच्यांच्या मनात तो कपड्यांचा खर्च नसतोच, पण पैसे कापड दुकानातच जातात.

नोंद ठेवायची कशी?

यासाठी वेगळे अ‍ॅप लागत नाही. एक वही किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला संदेश पुरतो. प्रत्येक खरेदीला पाच गोष्टी लिहाव्यात : तारीख, कोणासाठी, कोणत्या निमित्ताने, किती रुपये, आणि पैसे रोख, यूपीआय, हप्ता की उधारीने दिले.

यातील महत्त्वाचा रकाना निमित्ताचा. ‘शर्ट ७०० रुपये’ एवढेच लिहिले तर त्यातून काही कळत नाही. ‘शर्ट ७००, मेव्हण्याच्या लग्नासाठी’ असे लिहिले की वर्षाअखेरीस निमित्तानुसार बेरीज करता येते. शिलाई, फॉल-पिको, ब्लाउज, अल्टर आणि बूट-चपला हेही त्याच वहीत यावे. दोन हजारांच्या साडीमागे ब्लाउजची शिलाई आणि अस्तर धरले की आकडा बराच पुढे जातो.

मागच्या वर्षाची नोंद नसेल, तर यूपीआयचा व्यवहार इतिहास आणि खरेदीच्या अ‍ॅपमधील ‘ऑर्डर’ पाहून ती बरीचशी उभी करता येते. परत केलेल्या वस्तूंचे पैसे मात्र वजा करावेत. रोखीचे आणि उधारीचे आठवून लिहावे लागते. दिवाळी, लग्ने, जून महिना या क्रमाने आठवले तर सोपे जाते.

‘एका वापराची किंमत’ म्हणजे काय?

कपड्याला दिलेले पैसे भागिले तो जितक्या वेळा घातला ती संख्या. ९०० रुपयांची जीन्स दीडशे वेळा घातली, तर एका वापराला ६ रुपये पडतात. ४००० रुपयांचा ब्लेझर १८ टक्के करासह ४७२० रुपयांना घेतला आणि पाच वर्षांत चार लग्नांत घातला, तर एका वापराचे ११८० रुपये.

हा साधा भागाकार खरेदीचा क्रम उलटा करून दाखवतो. घासाघीस आपण रोजच्या कपड्यांवर करतो. पैसा वाया जातो तो क्वचित घालायच्या कपड्यांवर. रोजच्या वापरातला कपडा थोडा महाग पण टिकाऊ घेतला तर तोटा नाही. महाग पडतात ते कपाटात घडी घालून ठेवलेले शालू, शेरवान्या, एका वाढदिवसापुरते घेतलेले लहान मुलांचे फ्रॉक. वापरलेला किंवा भाड्याचा कपडा नेमका याच ठिकाणी उपयोगी पडतो.

जुने कपडे वापरणे आपल्याकडे नवे आहे का?

अजिबात नाही. बाळाला पहिले कपडे जुने, मऊ झालेले घालायचे, ही घरोघरची रीत आहे. थोरल्याचे कपडे धाकट्याला, आईच्या साडीचा परकर किंवा दुपटे, शेवटी सगळ्याची गोधडी-वाकळ आणि त्यातूनही उरले तर पोतेरे, अशी कापडाची पूर्ण साखळी मराठी घरात होती. नात्यात आलेले जुने कपडे घालण्यात कमीपणा नव्हता.

घराबाहेरचाही व्यापार जुनाच आहे. बोहारीण किंवा भांडेवाली दारावर येते, न फाटलेले कपडे घेते आणि बदल्यात स्टीलचे पातेले, डबा किंवा प्लास्टिकचा टब देते. ते कपडे पुढे निवडले जातात, धुऊन-शिवून, इस्त्री करून आठवडी बाजारात आणि शहरातील जुन्या मालाच्या बाजारांत विकले जातात. जे घालण्याजोगे नसतात, त्यांच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रे पुसायला जातात किंवा हरियाणातील पानिपतसारख्या ठिकाणी त्यांपासून पुन्हा धागा आणि घोंगड्या तयार होतात.

म्हणजे जुन्या कपड्यांच्या व्यापारात आपण पिढ्यान्‌पिढ्या आहोत, पण फक्त देणाऱ्याच्या बाजूने. चार-पाच चांगले कपडे देऊन एक पातेले घेताना त्या कपड्यांची किंमत किती, हे आपण विचारत नाही. घेणाऱ्याच्या बाजूला मात्र आपण उभे राहात नाही.

विकत घ्यायला संकोच का वाटतो?

पहिले कारण प्रतिष्ठेचे. ‘उतरलेले कपडे’ घालणे याचा संबंध गरिबीशी आणि जातीशीही जोडला गेला आहे. वरच्या समजल्या जाणाऱ्यांनी टाकलेले कपडे काही समाजांना घालावे लागत, हा इतिहास फार जुना नाही. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी ते सोसले, त्यांच्यासाठी स्वतःच्या कमाईचा नवा कोरा कपडा हा केवळ खर्च नसतो, तो सन्मान असतो. ‘जुने घ्या, पैसे वाचवा’ हा सल्ला देताना ही बाब विसरून चालत नाही.

दुसरे कारण शंकेचे : कपडा कोणाचा होता, आजाऱ्याचा तर नाही, मृत व्यक्तीचा तर नाही? यातील आरोग्याचा भाग सोडवता येतो. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. कपडे काही दिवस बंद पिशवीत ठेवून मग गरम पाण्यात साबणाने धुतले आणि कडक उन्हात वाळवले, तर ही धास्ती उरत नाही. आतले कपडे आणि मोजे मात्र नवेच घ्यावेत.

तिसरे कारण बाजाराचे. नवा टी-शर्ट दीड-दोनशे रुपयांत मिळत असेल, तर जुना ऐंशी रुपयांत कोण घेईल? शिवाय असा स्वस्त, पॉलिस्टर मिसळलेला कपडा काही धुण्यांतच गोळे धरतो आणि दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचण्याजोगा राहातच नाही. परदेशातून वापरलेले कपडेही सरसकट आणता येत नाहीत. त्यासाठी परवाना लागतो. त्यामुळे चांगल्या जुन्या कपड्यांचा पुरवठा मुख्यतः आपल्याच कपाटांतून व्हावा लागतो.

कोणते जुने घ्यावे, कोणते नाही?

साडी पहिल्या क्रमांकावर. तिला माप नसते, म्हणून ती कोणालाही होते; ब्लाउज तेवढा नवा शिवावा लागतो. रेशमी साडी मात्र पूर्ण उलगडून उजेडात पाहावी, कारण ती घडीच्या रेषेवर विरते.

लहान मुलांचे कपडे दुसरे. मूल वाढते, कपडा झिजायच्या आधी आखूड होतो. गणवेशाचेही तसेच. जिल्हा परिषद शाळांत समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेशांसाठी विद्यार्थ्यामागे ६०० रुपये धरले जातात, पण खासगी शाळांत हा खर्च पालकांचा. वर्ष संपताना आखूड झालेले गणवेश शाळेत जमा करून खालच्या वर्गातील मुलांना देण्याची सोय पालकसभा करू शकते. त्यासाठी एक कपाट आणि एक जबाबदार व्यक्ती पुरते.

स्वेटर, जाकीट, रेनकोट तिसरे. वर्षातून दोन-तीन महिनेच वापरले जातात, त्यामुळे जुनेही धड असतात. लग्नातील शेरवानी, ब्लेझर, घागरा भाड्याने घेण्याचा पर्याय आता तालुक्याच्या गावांतही दिसतो.

घेताना काखेची आणि मांडीची शिवण, कॉलर, चेन, बटणे आणि डाग पाहावेत. मापाचा आकडा वाचू नये. घालून पाहावे किंवा टेपने मोजावे. इन्स्टाग्राम, ओएलएक्ससारख्या ठिकाणी घेताना छाती-कंबर-लांबीची मापे इंचात आणि डागांचे फोटो आधी मागावेत. आगाऊ पैसे मागणाऱ्या अनोळखी विक्रेत्यापासून जपून राहावे.

खरेच किती वाचते?

उदाहरणादाखल वर्षाला २०,००० रुपये कपड्यांवर घालवणारे घर धरू. निमित्तानुसार वाटणी अशी : दिवाळी ६०००, इतरांच्या लग्नांत घालायचे कपडे ५०००, आहेर ४०००, शाळा २०००, थंडी-पावसाचे १५०० आणि उरलेली किरकोळ खरेदी १५००.

दिवाळीला हात लावला नाही, तरी लग्नाचे कपडे निम्मे भाड्याने किंवा नात्यातून आणले की २५०० वाचतात. शाळेच्या कपड्यांत १००० आणि थंडी-पावसाच्या कपड्यांत ५०० रुपये कमी होऊ शकतात. आहेर निम्मा केला तर २०००. एकूण ६००० रुपये, म्हणजे खर्चाच्या ३० टक्के. हमीभावाने हा जवळपास पाऊण क्विंटल कापूस होतो. वही नसती, तर हेच घर किरकोळ खरेदीच्या १५०० रुपयांत काटकसर करत बसले असते.

यात आहेराकडे वेगळे पाहायला हवे. त्यातील बरेचसे पीस आणि साड्या कोणी शिवत नाही, नेसत नाही. त्या पुढच्या लग्नात दुसऱ्याला दिल्या जातात. हा ‘फिरता आहेर’ म्हणजे न वापरलेल्या कपड्यांचे चलनच. ‘आहेर आणू नये’ असे पत्रिकेवर छापणाऱ्या घरांमुळे पाहुण्यांचे पैसे वाचतात, पण परतीचा आहेरही थांबला तरच साखळी तुटते. बस्त्याचे त्याहून अवघड. तेथे ‘त्यांच्या मानपानाला किती’ हे दोन घरे मिळून ठरवतात. एका घराने वही लिहून भागत नाही. बस्त्याला जायच्या आधी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी माणशी रक्कम ठरवली, तर दुकानातील गादीवर बसल्यावर तो आकडा पाळता येतो.

यात धोके कोणते?

पहिला, स्वस्त म्हणून जास्त घेणे. दोनशेचे चार जुने टॉप हौसेने घेतले आणि एकही घातला नाही, तर ती बचत नव्हे. म्हणून जुनी खरेदीही त्याच वहीत लिहावी.

दुसरा, आठवडी बाजारातील जुने कपडे ज्यांची गरज आहे, त्यांच्यासाठी महाग होणे. ऐपत असलेल्यांनी तेथील चांगला माल उचलण्यापेक्षा आपल्या कपाटातील न वापरलेले कपडे नात्यात, शाळेत, शेजारी फिरवणे बरे. त्यातून नवा पुरवठा तयार होतो. ‘गूंज’सारखी संस्था १९९९ पासून शहरांतील जुने कपडे गावांत पोहोचवते, पण त्यासाठीही धुतलेले आणि वापरण्याजोगे कपडेच द्यावे लागतात.

तिसरी बाजू कचऱ्याची. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कापडकचरा जमा होतो आणि त्यातील जवळपास निम्मा देशातील घराघरांत वापरून झालेला असतो. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून जुने कापड वेगळे गोळा करणे सदस्य देशांना बंधनकारक आहे. आपल्याकडे हे काम आजही बोहारणीच करतात, कोणत्याही वेतनाविना.

पुढे काय?

वर्षभराची वही हाती आली की पुढच्या दिवाळीआधी तीन प्रश्न विचारता येतात. कोणत्या निमित्ताला सर्वाधिक पैसे गेले? त्यातले किती कपडे पाचपेक्षा कमी वेळा अंगावर आले? आणि त्यातील कोणते मागून, भाड्याने किंवा जुने घेता आले असते? कापसाला काय भाव मिळावा, हे शेतकऱ्याच्या हाती नाही. त्या कापसाचे शेवटी कपाटात काय होते, हे ठरवणे मात्र घराच्या हाती आहे.